दूध बिलांची वेब सेवा आणि तुटलेली प्रमाणपत्र साखळी : प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

दूध संघाच्या बिल प्रणालीतून बँकेकडे जाणारी वेब सेवा आज सकाळपासून बंद आहे. बँकेने रविवारी रात्री आपले जुने गेटवे (बाहेरून येणाऱ्या विनंत्या स्वीकारणारा सर्व्हर) बंद करून नवे सुरू केले. त्याची पूर्वसूचना परिपत्रकाने आली होती आणि त्यानुसार नवी डब्ल्यूएसडीएल फाइल (सेवेचे वर्णन करणारी), नवा पत्ता आणि बँकेने आमच्या विनंतीवर सही करून पाठवलेले नवे क्लायंट प्रमाणपत्र (आमची ओळख पटवणारी डिजिटल फाइल), हे तिन्ही आम्ही शनिवारीच बसवून ठेवले होते. तरीही आज पहिली चाचणी विनंती पाठवताच लॉगमध्ये एसएसएल हँडशेक एक्सेप्शन (सुरक्षित जोडणी जुळवताना आलेली चूक) उमटले आणि त्याखाली ही ओळ होती : ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड, अनेबल टू फाइंड व्हॅलिड सर्टिफिकेशन पाथ टू रिक्वेस्टेड टार्गेट’. समोरच्या सर्व्हरने दाखवलेल्या प्रमाणपत्रापासून आपण ज्यावर विश्वास ठेवतो अशा एखाद्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत जावाला वाट सापडली नाही, एवढाच तिचा अर्थ. ती वाट नेमकी कुठे तुटली, हे मात्र ही ओळ सांगत नाही.

नोंदीसाठी यंत्रणा लिहून ठेवतो. सर्व्हर उबुंटू २२.०४, त्यावर ओपनजेडीके १७, म्हणजे जावा, आणि टॉमकॅट ९ हा जावाचे प्रोग्रॅम चालवणारा सर्व्हर. सोप सेवेचा (एक्सएमएल संदेशांनी चालणाऱ्या वेब सेवेचा) क्लायंट, म्हणजे विनंती पाठवणारा भाग, अपाचे सीएक्सएफ या जावाच्या तयार संचात लिहिलेला. बँकेशी जोडणी लीज्ड लाइनवरून. प्रमाणपत्रांच्या दोन फाइली आहेत. ट्रस्टस्टोअरमध्ये आपण कोणावर विश्वास ठेवतो ते असते आणि कीस्टोअरमध्ये आपली स्वतःची खासगी की व प्रमाणपत्र असते. दोन्हींचे मार्ग सीएक्सएफच्या एक्सएमएल संरचनेत दिलेले आहेत.

२१ ते ३१ ऑक्टोबर या अकरा दिवसांचे बिल या आठवड्यात गावोगावच्या दूध संस्थांच्या खात्यांवर जायचे आहे. गावच्या संस्थेच्या सचिवाला उत्पादकांच्या हातात पैसे द्यायचे असतात आणि पेंडीची उधारी त्याच पैशांतून भागते, त्यामुळे हा दिवस पुढे ढकलता येत नाही. लेखापाल साहेबांशी बोलून असे ठरवले की, हे एक बिल बँकेच्या संकेतस्थळावर फाइल चढवून हाताने पाठवायचे आणि पुढचे, म्हणजे १ ते १० नोव्हेंबरचे, वेब सेवेनेच जाईल.

दुपारी एका सहकाऱ्याने इंटरनेटवर सर्रास मिळणारा तोडगा सुचवला. कोणतेही प्रमाणपत्र आले तरी होकार देणारा रिकामा ट्रस्ट मॅनेजर (प्रमाणपत्रे तपासणारा भाग) लिहायचा. दहा-बारा ओळींचे काम, आणि चूक लगेच नाहीशी होते. मी त्याला नकार दिला आणि त्याचे कारण पुढे कोणी विचारील म्हणून इथेच लिहितो. तपासणी काढून टाकली तरी मजकूर कूटबद्ध होतच राहतो, पण तो कोणासाठी कूटबद्ध होतो आहे हे कळण्याचा मार्ग उरत नाही. वाटेत बसलेल्या कोणीही स्वतः तयार केलेले प्रमाणपत्र दाखवले तर आमचा क्लायंट ते स्वीकारील, संस्थांचे खाते क्रमांक आणि रकमा त्याच्या हवाली करील आणि तिकडून ‘यशस्वी’ असे खोटे उत्तर आले तर तेही खरे मानील. आमच्याकडे क्लायंट प्रमाणपत्र आहे, मग भीती कशाची, असा प्रश्न आला. पण ते प्रमाणपत्र बँकेला आमची ओळख पटवते, बँकेची ओळख आम्हाला पटवून देण्याशी त्याचा संबंध नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

सकाळी लेखापाल साहेब स्वतः येऊन बसले. मी लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता उघडून दाखवला. ‘कुलूप तर व्यवस्थित दिसतंय की सर, मग आपल्याच प्रोग्रॅमला काय झालंय?’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. पान ४०० क्रमांकाच्या चुकीचे होते, पण आमचे सगळे लक्ष कुलपाकडे असल्याने पानावरचा मजकूर आम्ही दोघांनीही वाचला नाही. प्रमाणपत्र ब्राउझरला मान्य आहे आणि जावाला नाही, एवढेच त्या वेळी महत्त्वाचे वाटले.

ब्राउझर आणि जावा यांच्यात हा फरक का पडतो, हे समजून घेण्यात सकाळ गेली आणि ती सत्कारणी लागली असे मी मानतो. सार्वजनिक प्रमाणन संस्था आपल्या मूळ किल्लीने थेट सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर सही करीत नाही. मूळ प्रमाणपत्र मधल्या प्रमाणपत्रावर सही करते आणि मधले प्रमाणपत्र सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर. क्लायंटजवळ फक्त मूळ प्रमाणपत्रे असतात, म्हणून मधला दुवा हँडशेकच्या वेळी सर्व्हरनेच पाठवायचा असतो. तो पाठवायला सर्व्हर विसरला तर क्रोम सर्व्हरच्या प्रमाणपत्रात लिहिलेल्या पत्त्यावरून तो दुवा स्वतः उतरवून घेतो, आणि फायरफॉक्सकडे माहितीतल्या मधल्या प्रमाणपत्रांचा संच आधीच साठवलेला असतो. त्यामुळे ब्राउझरने पाहणाऱ्याला उणीव दिसतच नाही. जावातही दुवा उतरवून घेण्याची सोय आहे, ती एका सिस्टिम प्रॉपर्टीने चालू करता येते, पण मुळात ती बंद असते. आणि आमच्या बिल सर्व्हरला बाहेरच्या इंटरनेटवर जाण्याची परवानगीच नाही, त्यामुळे ती चालू करूनही उपयोग झाला नसता.

मग सर्व्हरवरूनच ओपनएसएसएल या साधनाची एस-क्लायंट आज्ञा (समोरच्या सर्व्हरशी जोडून त्याची प्रमाणपत्रे दाखवणारी) चालवली. तिला सर्व्हरचे नाव स्वतंत्रपणे दिले आणि आलेली सर्व प्रमाणपत्रे दाखवण्याचा पर्याय जोडला. ‘सर्टिफिकेट चेन’ या मथळ्याखाली शून्य क्रमांकाची एकच जोडी आली : वरच्या ओळीत बँकेच्या गेटवेचे नाव, खालच्या ओळीत ते देणाऱ्या मधल्या प्रमाणपत्राचे नाव, आणि त्यापुढे थेट प्रमाणपत्राचा मजकूर. एक क्रमांकाची जोडी असायला हवी होती, ती नव्हती. वर २० आणि २१ या क्रमांकांच्या पडताळणीच्या चुका होत्या. पहिलीत देणाऱ्याचे प्रमाणपत्र सापडत नसल्याचे आणि दुसरीत पहिल्याच प्रमाणपत्राची खातरजमा करता येत नसल्याचे म्हटले होते. बँकेच्या सर्व्हरकडून मधला दुवा येत नाही, हे यावरून निर्विवाद ठरले.

बँकेच्या तांत्रिक विभागाला हे सविस्तर लिहिले आणि आज्ञेचे संपूर्ण उत्तर सोबत जोडले. ‘आमच्याकडे उघडते, तुमचीच संरचना तपासा’ हे उत्तर अशा वेळी हमखास येते, म्हणून ब्राउझरमध्ये का उघडते याचा एक परिच्छेदही पत्रात घातला.

बँकेकडून दुरुस्ती होईपर्यंत वाट न पाहता मधले प्रमाणपत्र आमच्या ट्रस्टस्टोअरमध्ये घालायचे ठरवले. ते प्रमाणन संस्थेच्या पत्त्यावरून लॅपटॉपवर उतरवले, त्याचा शा-२५६ ठसा (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) संस्थेने स्वतः प्रसिद्ध केलेल्या ठशाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला आणि मूळ, मधले व गेटवेचे अशी तिन्ही प्रमाणपत्रे ओपनएसएसएलच्या पडताळणी आज्ञेला देऊन ‘ओके’ हे उत्तर मिळवले. त्यानंतरच कीटूल या जावाच्या साधनाने मूळ आणि मधले ही दोन्ही ट्रस्टस्टोअरमध्ये घातली. ट्रस्टस्टोअर उघडल्यावर असे दिसले की, त्यात आजवर एकच प्रमाणपत्र होते आणि तेही जुन्या गेटवेचे स्वतःचे. त्याबद्दल पुढे लिहावे लागेल.

टॉमकॅट पुन्हा सुरू केला. चाचणी पाठवली. तीच ओळ आली, एक अक्षरही न बदलता.

बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

गुरुनानक जयंतीमुळे बँकेला सुट्टी आहे. संस्थांच्या बिलाची फाइल तयार करून लेखा विभागाने दोनदा बेरीज पडताळली. उद्या सकाळी ती चढवली जाईल. वेब सेवेवर आज काम झाले नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

मधला दुवा ट्रस्टस्टोअरमध्ये असताना तीच चूक येत असेल, तर जावा त्या ट्रस्टस्टोअरकडे पाहतच नसावे, अशी शंका रात्री मनात आली होती. आज ती तपासली. टॉमकॅटच्या सेटएन्व्ह फाइलमध्ये जावाची एसएसएल डीबग प्रॉपर्टी (जोडणीचा सारा तपशील लॉगमध्ये लिहवणारी) घातली. एका विनंतीमागे शेकडो ओळी येतात, त्यामुळे चाचणी होताच ती काढायची हेही त्याच फाइलमध्ये टिपून ठेवले. त्या ओळींत ‘ट्रस्टस्टोअर इज’ असा शब्दप्रयोग शोधला आणि त्यापुढचा मार्ग आमच्या फाइलचा नव्हता. तो जावासोबत येणाऱ्या कॅसर्ट्‌स फाइलचा होता. कॅसर्ट्‌समध्ये मूळ प्रमाणपत्र आहे, मधले नाही, म्हणून तिथेही वाट तुटलेलीच राहणार. म्हणजे मंगळवारी शोधलेले कारण खरेच होते, पण त्यावरचा उपाय कोणी वाचत नसलेल्या फाइलमध्ये जाऊन बसला होता.

आमची संरचना का वाचली जात नव्हती, हे शोधायला दुपार लागली. सीएक्सएफमध्ये टीएलएसची मांडणी ‘कंड्युट’ नावाच्या घटकात लिहितात आणि कोणत्या सेवेसाठी ती लागू आहे हे त्या घटकाच्या नावावरून ठरते. ते नाव महिरपी कंसातील नेमस्पेस (सेवेतील नावांचा गट सांगणारा, पत्त्यासारखा मजकूर), त्याला लागून पोर्टचे नाव आणि शेवटी ‘डॉट एचटीटीपी-कंड्युट’ अशा रचनेचे असते. नव्या डब्ल्यूएसडीएलमध्ये बँकेने नेमस्पेस बदलली आहे, आणि शनिवारी आम्ही ती बदलून लिहिलीही होती. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून मोठ्या अक्षरांत पाहिल्या तेव्हा फरक दिसला : जुन्या नेमस्पेसच्या शेवटी तिरकी रेघ होती, नव्यात ती नाही, आणि आमच्या संरचनेत जुन्या सवयीने ती राहून गेली होती. सीएक्सएफ ही नावे मजकूर म्हणून ताडते. नाव जुळले नाही तर ती कोणतीही तक्रार करीत नाही. तो घटक बाजूला राहतो आणि जावाच्या मूळ मांडणीवर काम चालू राहते.

हे मला आजच्या दिवसातले सर्वांत गंभीर वाटते. ट्रस्टस्टोअरची फाइल सापडली नाही किंवा तिचा पासवर्ड चुकला, तर प्रोग्रॅम थांबतो आणि माणसाला कळते. इथे फाइल जागेवर होती, पासवर्ड बरोबर होता, एक्सएमएल निर्दोष होते आणि तरीही त्यातील एकही अक्षर वापरात नव्हते. बँकेने मधला दुवा व्यवस्थित पाठवला असता तर सर्व्हरची तपासणी कॅसर्ट्‌सच्या आधारे बिनबोभाट पार पडली असती आणि आमचे स्वतःचे ट्रस्टस्टोअर लागू नाही हे कोणाच्या ध्यानातही आले नसते. म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना क्लायंटचा कंड्युट काढून त्यावर टीएलएसची मांडणी खरोखर बसली आहे का हे तपासणारी आणि नसल्यास सेवा सुरूच होऊ न देणारी एक छोटी पद्धत आजच लिहून जोडली.

रेघ काढली, टॉमकॅट पुन्हा सुरू केला. पीकेआयएक्सची ओळ गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. चार दिवसांत पहिल्यांदा चूक बदलली, ही आजची कमाई.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

नव्या चुकीत सीएक्सएफ सांगते की, पत्त्यातील होस्टनाव सर्व्हरच्या प्रमाणपत्रातील नावाशी जुळत नाही. त्याच संदेशात ही तपासणी बंद करण्याच्या प्रॉपर्टीचे नावही दिलेले आहे आणि प्रत्यक्ष वापराच्या यंत्रणेत तसे करू नये असा इशाराही. आमच्या जुन्या संरचनेत ती प्रॉपर्टी ‘ट्रू’ होती, म्हणजे नावाची तपासणी कित्येक वर्षे बंदच होती. नवी संरचना लिहिताना मी ती मुद्दाम वगळली होती.

कारण सोपे निघाले. सर्व्हरवरील संरचनेत गेटवेचा पत्ता आयपी क्रमांकाने लिहिला आहे, कारण लीज्ड लाइनवरून बँकेचे नाव आमच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेत) उलगडत नाही. प्रमाणपत्रात मात्र फक्त नाव आहे, आयपी नाही. लॅपटॉपच्या होस्ट्‌स फाइलमध्ये परिपत्रकाप्रमाणे नाव आणि त्याचा आयपी यांची नोंद मी आधीच केली होती, म्हणून ब्राउझरला अडचण आली नाही. तीच नोंद बिल सर्व्हरवर केली आणि पत्त्यात आयपीच्या जागी नाव लिहिले. यात आणखी एक फायदा आहे. पत्ता आयपीने दिला की जावा हँडशेकच्या सुरुवातीला सर्व्हरचे नाव कळवत नाही, आणि एकाच यंत्रावर अनेक सेवा असतील तर समोरून भलतेच प्रमाणपत्र येऊ शकते.

होस्टनावाची तपासणी म्हणजे निव्वळ औपचारिकता, असे काही जणांचे मत असते. मला ते पटत नाही. साखळीची तपासणी एवढेच सांगते की, हे प्रमाणपत्र कोणा मान्य संस्थेने कोणाला तरी दिले आहे. ते आपल्याला हव्या त्या सर्व्हरला दिले आहे की नाही हे फक्त नावावरून कळते. नाव न तपासणारा क्लायंट त्याच संस्थेकडून दुसऱ्या कोणत्याही संकेतस्थळाने घेतलेले प्रमाणपत्र बँकेचे म्हणून स्वीकारील.

सायंकाळी साडेपाचला हँडशेक पूर्ण झाला. उत्तर आले, ते मात्र एचटीटीपी ४०० : बॅड रिक्वेस्ट. उद्या दुसरा शनिवार, बँक बंद.

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

४०० म्हटल्यावर आम्ही सकाळी सोप संदेशाच्या मागे लागलो. हँडशेक झाला आहे, म्हणजे प्रमाणपत्रांचा विषय संपला, हे आम्ही गृहीत धरले आणि तिथेच चुकलो. संदेशाची आवृत्ती १.१ की १.२, कंटेंट-टाइप त्या आवृत्तीला धरून आहे की नाही, दिनांकाची मांडणी डब्ल्यूएसडीएलप्रमाणे आहे का, हे सारे तपासण्यात तीन तास गेले आणि सारे बरोबर निघाले.

दुपारी सीएक्सएफ बाजूला ठेवून उत्तराचा कच्चा मजकूर पाहिला. ते सोप उत्तर नव्हतेच. चार ओळींचे एचटीएमएल पान होते, तळाशी एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे नाव आणि मध्ये ‘नो रिक्वायर्ड एसएसएल सर्टिफिकेट वॉज सेन्ट’. वाचताच मंगळवारचा ब्राउझर डोळ्यांसमोर आला. तेच पान, तोच ४००. लॅपटॉपवर क्लायंट प्रमाणपत्र नव्हते, तेव्हा तिथे ते येणे साहजिकच होते. पण सर्व्हरवर तर प्रमाणपत्र आहे.

एनजिनएक्सची ही रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. क्लायंट प्रमाणपत्र बंधनकारक असूनही ते आले नाही तर तो हँडशेक मोडत नाही. जोडणी पूर्ण होऊ देतो आणि मग एचटीटीपीच्या पातळीवर ४०० देतो. त्यामुळे ‘हँडशेक झाला’ यावरून ‘आपले प्रमाणपत्र पोहोचले’ असे म्हणता येत नाही.

डीबग पुन्हा चालू केले. सर्व्हरची प्रमाणपत्र मागणी आल्याचे दिसले आणि काही ओळींनंतर जावाचे स्वतःचे स्पष्टीकरण : क्लायंटच्या ओळखीसाठी एकही एक्स.५०९ प्रमाणपत्र नाही, त्याऐवजी रिकामा सर्टिफिकेट संदेश वापरतो. कीस्टोअरमध्ये प्रमाणपत्र असताना जावा ते नाही म्हणते, हे सुरुवातीला कोड्यात टाकणारे होते. कीस्टोअर तपासले. नोंद ‘प्रायव्हेट की एन्ट्री’ या प्रकारची होती, म्हणजे खासगी की सोबत आहे. मुदत बरोबर. बँकेचे देणारे नाव बरोबर. त्याखालची एक ओळ मी आधी दोनदा नजरेआड केली होती : ‘सर्टिफिकेट चेन लेंग्थ : १’.

त्याच वेळी सहकारी मॅडमनी तीच की आणि तेच प्रमाणपत्र कर्ल या वेब विनंती पाठवणाऱ्या आज्ञेला देऊन पाहिले. तिथेही ४००च आला, पण पानावरचा मजकूर वेगळा होता : ‘दि एसएसएल सर्टिफिकेट एरर’. जावाच्या बाबतीत सर्व्हर ‘प्रमाणपत्र आलेच नाही’ म्हणतो आणि कर्लच्या बाबतीत ‘आले, पण मान्य नाही’ म्हणतो. क्रमांक एक, तक्रारी दोन. मॅडमनी ही दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि तिथून उलगडा झाला.

मागणी करताना सर्व्हर आपल्याला मान्य असलेल्या प्रमाणन संस्थांची यादीही पाठवतो. डीबगमध्ये ती यादी दिसते आणि तिच्यात एकच नाव होते, बँकेच्या खासगी यंत्रणेचे मूळ प्रमाणपत्र. आमच्या प्रमाणपत्रावर सही मात्र त्याखालच्या मधल्या प्रमाणपत्राची आहे. जावा कीस्टोअरमधील प्रत्येक साखळी घेऊन तिच्यातील देणाऱ्यांपैकी कोणी यादीत आहे का ते पाहते. आमची साखळी एकाच कडीची, तिचा देणारा मधला, तो यादीत नाही. म्हणून जावाने ते प्रमाणपत्र अपात्र ठरवले आणि काहीच पाठवले नाही. कर्ल ओपनएसएसएलवर चालते. त्याला दिलेले प्रमाणपत्र ते यादी न पाहता पाठवून देते, आणि मग मधला दुवा नसल्याने सर्व्हरची पडताळणी फसते. दोन्ही साधने आपापल्या नियमाने अचूक वागत होती आणि उणीव एकच होती.

ज्या चुकीबद्दल आम्ही बँकेला मंगळवारी पत्र लिहिले, तीच चूक आमच्या बाजूने आमच्या प्रमाणपत्रात होती, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

बँकेने प्रमाणपत्राबरोबर पाठवलेल्या झिप फाइलमध्ये मूळ आणि मधले प्रमाणपत्र आधीपासूनच होते. पीकेसीएस-१२ फाइल, म्हणजे आमचे कीस्टोअर, बांधताना ते सोबत घेतले गेले नव्हते, इतकेच. ओपनएसएसएलच्या एक्स्पोर्ट आज्ञेला आमचे प्रमाणपत्र, खासगी की आणि ‘सर्टफाइल’ या पर्यायात ती दोन्ही प्रमाणपत्रे देऊन फाइल नव्याने बांधली. कीटूलने साखळीची लांबी ३ दाखवली. फाइलची मालकी टॉमकॅटच्या वापरकर्त्याकडे दिली आणि इतर कोणालाही वाचता येणार नाही अशी परवानगी ठेवली.

११ वाजून २० मिनिटांनी खाते पडताळणीची विनंती पाठवली आणि सोपचे खरे उत्तर आले. त्यापाठोपाठ संघाच्याच दोन खात्यांमध्ये एक रुपयाचे हस्तांतर करून पाहिले. लेखापाल साहेबांनी पासबुकाची नोंद मागवून स्वतः खात्री केली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

१ ते १० नोव्हेंबरचे बिल आज वेब सेवेने गेले. सर्व संस्थांच्या रकमा दुपारी अडीचपर्यंत जमा झाल्या आणि परत आलेली एकही नोंद नाही.

एक प्रश्न शिल्लक आहे. पर्यायी म्हणून ठेवलेल्या जुन्या विंडोज यंत्रावर नवे कीस्टोअर उघडत नाही. तिथे ‘एचमॅक पीबीई शा-२५६’ ही पद्धत उपलब्ध नसल्याची चूक येते. फाइल खराब नाही. ओपनएसएसएल ३ अशा फाइली नव्या, अधिक सबळ पद्धतीने बांधते, आणि त्या यंत्रावरील जावा ८ ही ८यू३०१च्या आधीची असल्याने तिला ती पद्धत वाचता येत नाही. ओपनएसएसएलला ‘लेगसी’ पर्याय देऊन जुन्या पद्धतीची फाइल बांधता येईल, पण खासगी कीचे संरक्षण कमजोर करण्यापेक्षा त्या यंत्रावरील जावा अद्ययावत करणे मला योग्य वाटते. संघाच्या संगणक विभागाची परवानगी मागितली आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

ट्रस्टस्टोअरमध्ये काय ठेवावे, यावर आज विभागाची बैठक झाली आणि निर्णय झाला. जुन्या पद्धतीत गेटवेचे स्वतःचे प्रमाणपत्रच त्यात घातलेले होते. ते घट्ट वाटते, पण बँकेने प्रमाणपत्राचे नूतनीकरण केले की त्याच क्षणी सेवा बंद पडते. सप्टेंबर २०२० पासून सार्वजनिक सर्व्हर प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवस आहे, म्हणजे ही अडचण वर्षातून एकदा यायची. प्रमाणन संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये केलेल्या ठरावानुसार ही मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस होणार आहे. दर दीड महिन्याला ट्रस्टस्टोअर हाताने बदलणे कोणालाही जमणार नाही, आणि जमले नाही की कोणीतरी पुन्हा रिकाम्या ट्रस्ट मॅनेजरकडे वळणार, ही माझी खरी धास्ती आहे.

दुसरे टोक म्हणजे कॅसर्ट्‌स जशीच्या तशी वापरणे. तिच्यात जगभरातील शंभराहून अधिक मूळ प्रमाणपत्रे असतात आणि त्यांपैकी कोणाच्याही हातून चूक झाली तर ती आपल्याला भोवू शकते. ही भीती कल्पनेतली नाही. जुलै २०१४ मध्ये भारतातीलच एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या प्रमाणन यंत्रणेतून गुगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले होते. ती भारताच्या प्रमाणन नियंत्रकांच्या मूळ प्रमाणपत्राखाली होती आणि ते मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्याने विंडोजवरील बहुतेक प्रोग्रॅमना ती खरी वाटली असती. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र आणि तीत ते मूळ प्रमाणपत्र नसल्याने तो सुरक्षित राहिला. आपण कोणाकोणावर विश्वास ठेवतो ती यादी जितकी लहान, तितके असे धोके कमी.

म्हणून आमच्या ट्रस्टस्टोअरमध्ये बँकेचे सर्व्हर प्रमाणपत्र ज्या मुळापर्यंत जाते ते एकच मूळ प्रमाणपत्र राहील. सध्या त्यासोबत मधलेही आहे, पण ते बँकेची दुरुस्ती होईपर्यंतच. बँकेने प्रमाणन संस्थाच बदलली तर आम्हाला पूर्वसूचना हवी, असे पत्र संघाच्या सहीने आज गेले. आमच्या क्लायंट प्रमाणपत्राची मुदत बँकेने दोन वर्षांची ठेवली आहे. ती संपण्याच्या ६०, ३० आणि ७ दिवस आधी लेखा विभागाला आणि आम्हाला निरोप जाईल अशी रोजची तपासणी सर्व्हरवर बसवली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५

११ ते २० नोव्हेंबरचे बिल काल वेळेत गेले. आज सकाळी बँकेच्या तांत्रिक अधिकाऱ्यांचा दूरध्वनी आला. मधले प्रमाणपत्र त्यांनी गेटवेवर जोडले आहे, आणि आमच्यासारखीच तक्रार त्यांच्याकडे आणखी दोन ग्राहकांकडून आली होती. एस-क्लायंट चालवून पाहिले. आता शून्य आणि एक अशा दोन जोड्या येतात आणि शेवटी पडताळणीचा निकाल शून्य, म्हणजे निर्दोष.

दुपारी ट्रस्टस्टोअरमधून मधले प्रमाणपत्र आणि जुन्या गेटवेचे प्रमाणपत्र अशी दोन्ही काढली, टॉमकॅट पुन्हा सुरू केला आणि खाते पडताळणीची विनंती पाठवली. उत्तर बरोबर आले. त्यानंतर उलट चाचणीही घेतली. चाचणी यंत्रावर मूळ प्रमाणपत्र काढून टाकलेल्या ट्रस्टस्टोअरने जोडणी होत नाही, होस्ट्‌समध्ये मुद्दाम दुसरे नाव देऊन त्या नावाने विनंती पाठवली तर होत नाही आणि कंड्युटच्या नावात ती तिरकी रेघ परत घातली तर सेवा सुरूच होत नाही. तिन्ही ठिकाणी नकार मिळाला, आणि तिन्ही चाचण्या स्वयंचलित तपासणीत जोडल्या.

विंडोज यंत्रावरील जावा अद्ययावत करण्याची परवानगी अजून आलेली नाही. ती येईपर्यंत ते यंत्र पर्यायी म्हणून धरू नये, असे लेखा विभागाला लेखी कळवले आहे.